फ्रीजमधली रेड

अहो वहिनी, कपडे घाला मग वाळत, आधी इकडे भिंतीजवळ या. आणि हळू बोला, कुणी ऐकेल. आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी चार दिवसांपासून वाइनच्या दोन बाटल्या उभ्या आहेत! सूनबाईंनी नाशिकहून आणल्यात. दारू नव्हे हो ती, असं मुलगा म्हणाला. मी म्हटलं, बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे ना आत? मग दारूच. उगाच नाही कशाला म्हणायचं? दारू प्यायला परवानासुद्धा लागतो आपल्याकडे. आठवतंय ना, 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली नि केवढा गदारोळ झाला? अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, नि सगळं बासनात गेलं.

बरं, ती द्राक्षं म्हणजे आपण वाशीच्या मार्केटातून पेटी आणतो ती नव्हेत. वाइनची बारीक, जाड सालीची, आत बिया. आणि गंमत ऐका, काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक पांढराच असतो. लाल रंग सालीचा. सालीसकट आंबवलं की रेड, रस आधीच वेगळा काढला की व्हाइट. एवढं कळलं नि निम्मी भीती गेली माझी.

रेडचा पहिला घोट घेतला नि जीभ अशी आखडली, कच्ची सुपारी चघळल्यासारखी. मी म्हटलं, बिघडलीये! तर म्हणे ते टॅनिन, साली-बियांतून उतरतं. मग शेनिन ब्लां नावाची व्हाइट दिली, थंडगार, किंचित गोडसर. ती मात्र उतरली हो घशाखाली. तिखट बोंबील तळले होते, त्यांच्याबरोबर तर फारच छान. तिखटाला गोडसर वाइन बरी. रेडनं मिरची उलट जास्त झोंबते.

आता मुलाचा मित्र! ग्लासाची दांडी धरून गरगर फिरवतो, नाक खुपसतो नि म्हणतो, चामड्याचा वास येतोय. मला मेलीला द्राक्षाचासुद्धा येईना. पण फिरवल्यावर वास खरंच मोकळा होतो हं, ते नाटक नव्हे. म्हणून ग्लास काठोकाठ भरत नाहीत. चामडं मात्र त्यालाच लखलाभ.

तोच म्हणाला, रेड रूम टेंपरेचरला प्यायची असते. अरे, कुणाची रूम? तिकडे युरोपात सोळा-अठरा डिग्रीची असेल. आपल्या नेरूळमध्ये मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो! सूनबाई शहाणी, रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. व्हाइट त्याहून गार.

आणि कहर म्हणजे सासूबाई! मी चार दिवस लपवत होते, त्या शांतपणे म्हणतात, आमच्या नारायणगावच्या माळावर पाहिलेत की ते मळे. खरंच आहे, शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात तिथं फेसाळणारी वाइन केली, परदेशातसुद्धा गेली ती. नाशिकचा राजीव सामंत नंतरचा. तो अमेरिकेतली नोकरी सोडून आला, नि त्याच्या सुला कंपनीची पहिली वाइन निघाली 2000 साली. आपल्याला वाटतं सगळं त्यानंच सुरू केलं.

नाही नाही, जपून ठेवायला नाही आणली. जुनी तितकी चांगली हे सगळ्या बाटल्यांना लागू नाही. आपल्यासारख्यांच्या बजेटातली वर्षा-दोन वर्षांत संपवलेली बरी. उघडली की बूच लावून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस. पुढे आंबट होत जाते. तशी झाली तर सरळ रश्श्यात ओतीन, पण ह्यांना सांगू नका.

खरी पंचाईत रिकाम्या बाटलीची. कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवाला सगळ्या सेक्टरला दाखवणार. भंगारवाल्याला दिली तर तो पलीकडच्या काकूंना सांगणार. म्हणून विचारते, तुमच्या मनीप्लांटची एक फांदी मिळेल का? दोन द्या, दुसरीही संपत आलीये.