जस्त हाय!

तात्यांच्या हातात धातूची कुठलीही वस्तू द्या, ते आधी ती फरशीवर टाकणार. 'थड्' असा मेलेला आवाज आला की चेहरा खुलतो. 'ठण्ण' वाजलं की निकाल लागला : "जस्त हाय!"

साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला असा एकजण इस्लामपुरात गल्लीगणिक असावा. कुणी जुनी घड्याळं उघडून बसतो, कुणी पंखे. आमच्या तात्यांनी शिसं धरलंय. बह्याच्या बाजूला कृष्णेत फेकजाळं टाकणाऱ्यांना ते जाळ्याच्या घेराला लावायच्या गोळ्या ओतून देतात. धंदा म्हणावा तर नफा नाही, छंद म्हणावा तर काकूंना मान्य नाही.

माल येतो पेठ नाक्यावरून. चाक बॅलन्स करताना रिमला ठोकतात ती वजनं. टायरवाल्यांकडची जुनी काढलेली तात्या पिशवी भरून आणतात. पूर्वी सगळी शिशाची असायची, आता त्यात लोखंडाची आणि जस्ताचीही घुसलीत. मग अंगणात निवड. एकेक वजन पकडीत दाबायचं. दात उमटले तर शिसं, नाही उमटले तर आरोपी. बॅटरीतलं शिसं मात्र उंबऱ्याआत नाही. "इख हाय त्ये. फुकाट दिलं तरी नगं."

शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ला. तात्यांचं सगळं शास्त्र या मधल्या फटीत राहतं. आच बारीक ठेवली की नजर चुकवून आलेलं जस्त न वितळता वर तरंगतं, उचलून फेकायचं. पण एकदा ते आत विरघळलं की कढई दाटते, साच्याच्या कडा भरत नाहीत आणि तात्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

मग मेणबत्तीचं थोटूक आत पडतं. भपकन जाळ होतो, ढवळलं की काळा मळ वर येतो. "गुऱ्हाळात भेंडी, हितं म्याण. मळी काढल्याबिगर काय खरं न्हाई," असं म्हणत तात्या झारा फिरवतात. झारा काकूंचा, दिवाळीच्या बुंदीचा. शिशात गेला त्या दिवसापासून तो घराला पारखा झाला. नवा आणलेला काकू कुलपात ठेवतात.

पाण्याशी तर उभा दावा. वितळलेल्या शिशात थेंब बुडाला की त्याची वाफ होऊन सगळं अंगावर उडतं, म्हणून भर मे महिन्यात तात्या पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कपाळाला टॉवेल गुंडाळून बसतात. आइसफ्रूट चोखत डोकावणाऱ्या पोरांना जी हाक बसते ती बसस्टँडपर्यंत जावी. हात साबणानं धुतल्याशिवाय चहा नाही, हे कलम काकूंचं.

अडचण एवढीच, की ही पारख अंगणात थांबत नाही. नवा शिक्षक, नवा भाडेकरू, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांवर तात्यांचा शेरा ठरलेला. "बोलाय ग्वाड हाय, पर जस्त हाय." परवा पुतणीला बघायला पाहुणे आले. पोरगा गप्प, खाली मान घालून पोहे खाणारा. तात्यांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. आता ठण्ण होणार म्हणून काकूंनी डोळे मिटून घेतले.

"वितळाय येळ लावतंय," तात्या म्हणाले, "पर निव्वळ शिसं हाय. करून टाका."

मुलाचं टायरचं दुकान आहे, हे तात्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं.