बाहेरचा कोतवाल

पोलीस खात्याचा सर्वोच्च अधिकारी होण्यासाठी मनुष्याने कधीतरी पोलिसाचे काम केलेले असावे, असा एक भाबडा समज सामान्य जनांत रूढ आहे. परंतु सर रॉबर्ट पील यांनी १८२९ साली लंडनचे महानगर पोलीस दल उभारून त्याची मुखत्यारी रोवन नावाच्या लष्करी कर्नलाच्या आणि मेन नावाच्या आयरिश बॅरिस्टराच्या हाती सोपविली, तेव्हाच तो निकालात निघाला, आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे साध्या शिपायाच्या हुद्द्यावरून चढलेल्या कोणाचाही आयुक्ताच्या खुर्चीला स्पर्श होऊ नये, याची दक्षता विलायत सरकारने सोवळ्याच्या निष्ठेने घेतली.

या परंपरेचे देदीप्यमान रत्न म्हणजे सर चार्ल्स वॉरन. हे गृहस्थ लष्करी इंजिनियर; जेरुसलेमच्या भूगर्भात उत्खनन करून त्यांनी कीर्ती संपादन केली होती, आणि पुरातन भिंती हुडकणाऱ्यास लंडनातील चोर हुडकण्यास कितीसा अवधी लागणार, अशा विचाराने असेल कदाचित, १८८६ साली त्यांची आयुक्तपदी नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी ट्रफाल्गर चौकातील सभेवर त्यांनी पोलिसांच्या जोडीला पलटण आणली. १८८८ साली व्हाइटचॅपेलमध्ये स्त्रियांचे खून पडू लागले आणि एका रात्री जवळच्या भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर आढळला, तेव्हा उजाडण्यापूर्वी, छायाचित्रही घेऊ न देता, या पुराणवस्तुसंशोधकाने तो पुसवून टाकला! मजकुरात ज्यूंचा उल्लेख असल्यामुळे दंगा उसळेल ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. पुढे माग काढणाऱ्या कुत्र्यांची हाइड पार्कात परीक्षा झाली आणि पळणाऱ्या आरोपीची भूमिका खुद्द आयुक्तांनी वठविली. खुनी कधीच सापडला नाही, कुत्र्यांना साहेबांचा वास तेवढा परिचित झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी राजीनामा दिला.

पुढे आयुक्त झालेले सर एडवर्ड हेन्री हेही बंगालच्या मुलकी सेवेतून पोलीस खात्यावर आलेले. परंतु येताना त्यांनी बोटांचे ठसे आणले, आणि १९०१ साली स्कॉटलंड यार्डात ठशांचे दप्तर सुरू झाले. त्या ठशांच्या वर्गीकरणाला नाव हेन्रीसाहेबांचे लाभले, मेहनत पुष्कळशी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या अंमलदारांची होती. तथापि हाताखालच्या मनुष्यास आपल्याहून अधिक समजते हे ज्याला उमगले, तो बाहेरचा असो वा आतला, आमचा कौल त्यालाच.

शिपाई म्हणून भरती झालेले पहिले आयुक्त, जोसेफ सिम्प्सन, अखेर १९५८ साली नेमले गेले. आतल्या मनुष्याचा कैवार घेणाऱ्यांनी मात्र फार हर्ष मानू नये. ज्या हेंडनच्या पोलीस महाविद्यालयात सिम्प्सन घडले, ते १९३४ साली काढणारे आयुक्त लॉर्ड ट्रेन्चर्ड हे विमानदलाचे सेनापती होते.