पुणे–नाशिक हवेतून: नवशिक्यांसाठी

प्रथम नकाशा घ्यावा. पुण्याचे लोहगाव आणि नाशिकचे ओझर हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७३.९ अंश पूर्व. त्यामुळे मोठे गणित नको, अक्षांशांची वजाबाकी पुरे. २०.१२ मधून १८.५८ गेले, उरले १.५४. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले की उत्तर येते १७१. भूगोल ऑप्शनला टाकलेल्यांनाही हे जमते.

आता वेळ काढू. एवढ्याशा मार्गाला साजेसे विमान म्हणजे पंख्यांचे एटीआर, वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. १७१ भागिले ५००, म्हणजे साडेवीस मिनिटे. हे उत्तर वहीत लिहून त्याला चौकट करावी. पुढे त्याचा काहीही उपयोग नाही.

कारण विमान वर चढेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते; पूर्ण वेग त्याला फार वेळ मिळतच नाही. शिवाय लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम, ओझरचीही पूर्व-पश्चिम आणि जायचे सरळ उत्तरेला. म्हणजे निघताना वळसा, पोहोचतानाही वळसा. त्यात लोहगाव हे हवाई दलाचे घर. सुखोईंचा सराव चालू असला की पाहुण्यांनी ओसरीवर थांबायचे असते. ओझर तर एचएएलचे, मिग विमाने जिथे बनली ते. दोन्हीकडे खिडकीतून फोटो काढायचा मोह आवरावा.

वेळापत्रकात छापलेली वेळ उड्डाणाची नसते, हेही लक्षात ठेवावे. ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. आपली वेळ त्याच्या बरीच आधी सुरू होते. काउंटर तासभर आधी बंद, त्याआधी रांग, त्याआधी कोथरूड ते लोहगाव (इथे अक्षांश-रेखांश चालत नाहीत, सिग्नल मोजावेत). ओझरला उतरल्यावर नाशिक शहर आणखी वीसेक किलोमीटर.

तुलनेसाठी एसटी घ्या. रस्ता सुमारे २१० किलोमीटर, वेळ पाचेक तास, चाकणच्या कोंडीने सोडले तर. पण वाटेत नारायणगावची मिसळ आहे, आळेफाटा आहे, संगमनेर आहे. विमानात वाटेत काही लागत नाही.

आता पहिली पायरी. ती शेवटी सांगतो, कारण आधी सांगितली असती तर वजाबाकी कुणी केलीच नसती: त्या दिवशी या मार्गावर विमान आहे का, ते पाहावे. उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक–पुणे सेवा सुरू झाली, पुढे बंद पडली. या योजनेत स्वस्त तिकिटांमुळे येणारी तूट भरून काढणारे अनुदान तीन वर्षांचे. त्यानंतर खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मार्ग गुपचूप आटोपतो. सुरू होताना अग्निशमनचे बंब विमानावर पाण्याची कमान धरतात, बंद होताना कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

विमान असलेच, तर पिंपरीकरांसाठी एक जादा सूचना. लोहगावला जाताना नाशिक फाटा लागतो. तिथल्या पाटीकडे पाहू नये.