भोंगा, अटी लागू

मुलं लॅपटॉपपायी रात्री उशिरा झोपतात, तर त्यांना लवकर झोपवावं, असं एखाद्या साध्या माणसाला सुचलं असतं. सरकार साधं नसतं. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतच्या शाळाच सकाळी नऊच्या पुढे ढकलल्या. लॅपटॉप आणखी दोन तास चालला, तर पुढच्या जीआरने शाळा मधल्या सुट्टीपासूनच भरेल.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये सरळ भोंगा लावला. संध्याकाळी सात वाजता तो वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. हे वाचून आमच्या सोसायटीला स्फुरण चढलं. विशेष सभा बोलावली. रात्री साडेनऊला, कारण त्याआधी कोणालाच वेळ नव्हता.

ठराव सोपा होता : दहा वाजता भोंगा, मग मुलांचे लॅपटॉप हॉलमध्ये चार्जिंगला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, हे एका डॉक्टर सभासदांनी सांगितलं. सगळ्यांनी जांभया देत माना डोलावल्या.

मग उपसूचना आल्या. अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलणाऱ्या बाबांना सूट. मालिकेचा महाएपिसोड असेल तर आजींना सूट. आयपीएलच्या दिवसांत सर्वांनाच सूट. शाळा प्रोजेक्टची पीडीएफ रात्री दहालाच ग्रुपवर टाकते, तेव्हा 'शैक्षणिक कारणासाठी' मुलांनाही सूट. असल्या सक्तीचा उपयोग होत नाही, असंही एकाने बजावलं : दक्षिण कोरियाने २०११मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांचे ऑनलाइन गेम मध्यरात्री ते सकाळी सहा बंद केले, तर पोरं आईबापांच्या नावाने खेळू लागली, दहा वर्षांनी सरकारनेच कायदा गुंडाळायचं ठरवलं.

"पण वडगावात भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो ना?" मागून कोणीतरी विचारलं. विषयांतर नको, असं अध्यक्षांनी हातातलं रील थांबवून सांगितलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. भोंग्याच्या आवाजाने ज्येष्ठांची झोपमोड होईल, म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवर वाजवायचं ठरलं. राहिलं इतिवृत्त. लॅपटॉपवर मराठी टाइप करणं एकाही पदाधिकाऱ्याला जमेना. शेवटी सचिवांनी सातवीतल्या लेकीला बसवलं. पोरगी हुशार, पावणेबाराला सगळं टाइप करून मोकळी झाली.