जशी आहे तशी, जिथे आहे तिथे

(स्थळ : सानगडी. काळ : १९५३ साल, दिवाळीनंतरच्या मंडईचा दिवस. रंगमंचावर एक टेबल. त्यावर लाल फडक्यात बांधलेला बस्ता, दौत आणि पितळी घंटा. पाठीमागच्या पडद्यावर एका अजस्र मालमोटारीची आकृती. दिवाणजी येतात. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, कानावर टाक.)

सभ्य गृहस्थहो, दंडार सुरू होण्यास अद्याप अवकाश आहे, नाचे पडद्याआड तोंडाला रंग लावीत बसले आहेत, आणि तेवढ्या अवधीत पंचक्रोशीतील आपणांसारख्या प्रतिष्ठित मंडळींसमक्ष आमच्या मालकांच्या मालमोटारीचा जाहीर लिलाव उरकून घ्यावा, असा मला हुकूम झालेला आहे. (घंटा वाजवतात.) लिलाव पुकारणाऱ्याने मालाची स्तुती करावी हा जगाचा रिवाज मला ठाऊक आहे, परंतु मालगुजारीच्या दप्तरात उभी हयात घालवल्यामुळे, जमेच्या बाजूस एक रकम मांडली की खर्चाच्या बाजूस दुसरी मांडल्यावाचून माझा हात पुढे सरकत नाही. ही खोड आपण कृपा करून बोलीच्या आड येऊ देऊ नये.

प्रथम मालकी हक्काचा खुलासा. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेश सरकारने मालगुजारी खालसा केली. गाव गेला, जंगल गेले, तलाव गेले, आणि मालकांच्या हाती मोबदल्याचा कागद आला. ज्या घराण्यातील पुरुषाने पिढ्यान्‌पिढ्या सकाळी उठून ओसरीवरून दृष्टी पोहोचेल तेवढे आपले म्हणावे, त्याच्यापाशी एके दिवशी ओसरीच तेवढी शिल्लक राहिली, म्हणजे त्याच्या प्रकृतीस जो विकार जडतो त्यावर आयुर्वेदात उतारा नाही. वैद्यांनी ब्राह्मीचे तेल सांगितले, मालकिणीने काशीयात्रा सुचवली. मालक पाच दिवस अन्नावर रुसल्यासारखे जेवले, आणि सहाव्या दिवशी म्हणाले, "दिवाणजी, ट्रक घ्यायचा."

विचार अगदीच अव्यवहारी नव्हता. आपल्या भागात धान आहे, तेंदूपाने आहेत, लाकूड आहे. आणि ते साकोलीस किंवा सौंदडच्या स्टेशनावर नेण्यास बंडीवाचून दुसरे वाहन नाही. नवा ट्रकही मिळण्यासारखा होता. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो जातीचे ट्रक १९४७ पासून जोडले जात आहेत. परंतु त्यांची किंमत कानी पडताच मालकांनी मोबदल्याचा कागद पुन्हा वाचला, आणि एखादे शून्य नजरेतून निसटले असेल तर पाहावे म्हणून मलाही वाचावयास लावला. निसटलेले नव्हते.

तेव्हा कोणीतरी डिस्पोजलचे नाव काढले. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी अमेरिकन फौजेने हिंदुस्थानात आणलेला अपरंपार सरंजाम युद्ध संपल्यावर इथेच राहिला. १९४६ साली करारान्वये तो सरकारच्या ताब्यात आला, आणि ट्रक, जीप, तंबू, बूट, घोंगड्या असा जो माल विकावयास निघाला तो हातोहात फिरत आजतागायत संपलेला नाही. मिलिटरीची गाडी म्हणजे मजबूत, या एका वाक्यावर सानगडीचे एकमत झाले. आणि ज्या गावात पोळ्याच्या तोरणाची दोरी कोणी बांधावी यावर एकमत होत नाही, तिथे ते झाले म्हणजे सावध व्हावयास हवे होते. परंतु मालक त्या वेळी अनेक महिन्यांनी प्रथमच हसत होते.

(बस्ता सोडून एक कागद काढतात.)

नागपूरच्या पलीकडील एका माळावर त्या गाड्या उभ्या होत्या. विक्रीच्या शर्तींचा हा कागद. यातील पहिली शर्त अशी की माल जसा आहे तसा, जिथे आहे तिथे घ्यावा लागेल. मी उपनिषदे ऐकली आहेत, दिवाणी कोर्टाचे निवाडेही वाचले आहेत. परंतु इतक्या थोड्या शब्दांत इतकी अलिप्तता मला कोठे आढळली नाही. जसा आहे तसा, म्हणजे तुम्ही पाहिलेत त्याला विकणारा जबाबदार नाही, आणि पाहिले नाहीत त्याला तर नाहीच नाही. जिथे आहे तिथे, म्हणजे तो तेथून हलेल किंवा कसे, हा तुमच्या घरचा प्रश्न. आमची गाडी होती तिथे चिखल होता, आणि त्या चिखलाची किंमत बोलीत धरलेली होती.

परीक्षेसाठी मी अर्जुनीकडील एका पेन्शनर हवालदारांस सोबत नेले होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मोटार कंपनीत गाडी हाकलेला मनुष्य. ते आज सभेत आहेत. (प्रेक्षकांत पाहून) रामराम, हवालदार. या गृहस्थांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी : "दिवानजी, रंग नका पाहू. जुना रंग खरं बोलते, नवा रंग खोटं बोलते." ज्या गाडीच्या अंगावर ताज्या रंगाचा एखादाच पट्टा दिसे तिथे ते नखाने खरवडत, आणि बहुधा त्याखाली चासीची चीर निघे, विशेषतः पाट्यांच्या बैठकीपाशी, जिथे साऱ्या ओझ्याचा भार येतो. दुसरी गोष्ट, गाडी चालू करून दाखवतो म्हणून दलाल पुढे आला की आधी ते रेडिएटरला हात लावीत. गरम लागला तर परत फिरत. "कोनीतरी सकाळीच उठवून ठेवली हाये. थंडी गाडी चालू झाली पायजे." तेलाची पट्टी काढून पाहावी, तेल दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी शिरले असे समजावे आणि दलालाची मुले किती, शिकतात कोठे, अशी चौकशी करून सभ्यपणे निघावे.

मीही स्वस्थ बसलो नव्हतो. माझ्या विद्येप्रमाणे मी गाडीचा रीतसर पंचनामा लिहीत होतो. चतुःसीमा : पूर्वेस रेडिएटर, पश्चिमेस फाळका, दक्षिणेस पेट्रोलची टाकी, उत्तरेस सुकाणू. सदर मालमत्ता या चतुःसीमेच्या आत असून तीवर कोणाचा बोजा नाही. शाई वाळते न वाळते तोच हवालदारांनी गाडी जागच्या जागी फिरवली, आणि माझा दस्तऐवज चारही दिशांनी बेकायदेशीर झाला. स्थावर आणि जंगम यांतील भेद मला त्या दिवसापर्यंत केवळ पुस्तकी होता.

अखेरीस निवड दोहोंत आली. एक कॅनडातील शेव्हरोले, चपट्या नाकाची, आखूड, सुकाणू आपल्या रिवाजाप्रमाणे उजव्या हाताला. दोष इतकाच, की इंजिन हाकणाऱ्याच्या मांडीशी येऊन बसते आणि उन्हाळ्यात त्याचा पाय भाजून निघतो. दुसरी ही, अमेरिकेची जी.एम.सी. अडीच टनी, पुढे दोन, मागे आठ, अशी दहा चाके, आणि इंजिनाचे बळ तिन्ही धुरांच्या सहाही टोकांना पोहोचवण्याची सोय. (पडद्यावरील आकृतीकडे हात.) हवालदार कॅनडाच्या बाजूचे. मालकांनी मात्र चाके मोजली. "चार? म्हणजे बंडीच्या दुप्पट. दिवाणजी, आमचा मान फक्त दुप्पट?" विषय मिटला. दहा चाकांना दहा टायर लागतात हे वाक्य मी तोंडात आणले होते, ते मालकांच्या चेहऱ्याकडे पाहून गिळले.

दलालाने मग तिचे चरित्र सांगितले. म्हणे, आसामातील लेडोहून चीनमधील कुनमिंगपर्यंत जो हजार मैलांहून लांब रस्ता अमेरिकनांनी डोंगर फोडून जोडून दिला, ज्यावरून पहिला काफिला १९४५ च्या फेब्रुवारीत कुनमिंगला पोहोचला, त्या रस्त्याने ही गाडी जाऊन आलेली आहे. मालकांचा ऊर भरून आला. हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गेली असन त घिसली असन." मनुष्याच्या पराक्रमाची पदके होतात, यंत्राच्या पराक्रमाची झीज होते. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने इतिहास ऐकावयाचा तो किंमत उतरवण्यासाठी, चढवण्यासाठी नव्हे.

(टेबलावर टेकून) आता सुकाणूविषयी. ते डावीकडे आहे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जाणारे लोक, त्यामुळे समोर वाळूची बंडी असली की तिच्यापलीकडून काय येत आहे हे हाकणाऱ्यास दिसत नाही. दिसते ते उजवीकडे बसलेल्या क्लीनरला. अशा गाडीस इशारा देणारे यांत्रिक साधन असावे, असे मोटारीच्या कायद्याचे म्हणणे आहे. आमच्याकडे क्लीनर होता. तो यांत्रिक नव्हता, आणि जेवणानंतर साधनही नसे.

कागदांचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते सर्व या बस्त्यात आहेत आणि बस्ता गाडीसोबत जाणार आहे. चासीवरचा नंबर कागदाशी जुळतो, इंजिनावरचा जुळत नाही. कारण फौजेत इंजिन थकले की काढून दुसरे बसवीत आणि त्याची खबर सानगडीस कळवीत नसत. कारकुनाने विचारले, "गाडी खरी की इंजिन खरे?" मी म्हणालो, "देह एक, आत्मा दुसरा; आपल्या शास्त्रास हे मंजूर आहे." त्याच्या शास्त्रास नव्हते. शिवाय स्वतःचा माल वाहायचा असेल तर एक परवाना, भाड्याने लोकांचा वाहायचा असेल तर दुसरा; आणि मालकांस भाडे हवे होते पण भाडोत्री म्हणवून घ्यावयाचे नव्हते, यात एक अख्खा हंगाम गेला.

आणि पेट्रोल. हा आकडा मी लपवणार नाही. टाकी चाळीस अमेरिकन गॅलनांची, आपल्या मापाने तेहतीस. आणि एवढ्यात ती सुमारे तीनशे मैल जाते, तेही रस्ता बरा असेल तर. पहिल्या महिन्याचा जमाखर्च मी मालकांसमोर ठेवला. त्यांनी विचारले, "धान किती पोहोचले?" मी सांगितले. "पेट्रोल किती?" तेही सांगितले. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "पेट्रोलच न्यायचे होते तर एवढी मोठी गाडी कशाला घेतली?"

तरीसुद्धा, गृहस्थहो, गाडी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. अशा साडेपाच लाखांहून अधिक गाड्या अमेरिकेने बांधल्या. वाईट वस्तू कोणी इतक्यांदा बांधीत नाही. बांधीच्या चिखलात, जिथे रेडेही थांबून विचार करतात, तिथे ही तिन्ही धुरांनी उठून बाहेर आलेली मी पाहिली आहे. पण एक दिवस तिचा पाण्याचा पंप गेला. साकोलीस नाही, भंडाऱ्यास नाही, नागपुरात एका दुकानदाराने असे काही असते हे प्रथमच ऐकले. तेव्हा हवालदार आले, पायरीवर बसले, आणि त्यांनी जे सांगितले ते आधी ठाऊक असते तर मी मालकांस एकाच गाडीची बोली लावू दिली नसती.

ते म्हणाले, फौजेत गाड्या बिघडत नसत असे नाही. बिघडलेली गाडी दिसत नसे. पुढे शंभर चालत, मागे वर्कशॉप चाले, त्याच्या मागे डेपो, डेपोमागे जहाजे, जहाजांमागे कारखाना. पंप गेला तर तासाभरात पंप येई, नाहीच आला तर शेजारच्या मेलेल्या गाडीचा काढून लावीत. गावकरी ज्याला मिलिटरीची मजबुती म्हणतात ती लोखंडात नव्हतीच, ती त्या रांगेत होती. आणि लिलावात रांग विकत मिळत नाही, रांगेतील एक गाडी मिळते. साडेपाच लाख भाऊबंदांची ही बाई आमच्या अंगणात एकटी उभी होती. "दिवानजी," हवालदार म्हणाले, "अशा गाड्या दोन घ्यायच्या असते. एक चालवाले, एक खावाले."

मी हा हिशेब मालकांपुढे मांडला. मालक म्हणाले, "आमच्या दारात एक गाडी दुसरीला खाणार? लोक काय म्हणतील?" म्हणून हा लिलाव.

(घंटा वाजवतात. आवाज बदलून) तर, पहिली बोली दोन हजार! जशी आहे तशी, जिथे आहे तिथे! तूर्त ती वाड्यामागे चिंचेखाली आहे. दोन हजार! कोण हात वर करीत आहे? आपण? डोके खाजवीत असाल तर बोली धरली जात नाही, डोके खाजवणे हा मालाची माहिती ऐकल्याचा परिणाम आहे. दोन हजार! इतकी शांतता दंडारीत पाळलीत तर नाच्यांचे कल्याण होईल. दोन...

हवालदार? आपण? एकवीसशे! (टेबलावरून पुढे वाकून, हळू) हवालदार, सारे दोष आपणच मला दाखवलेत ना? काय म्हणता? उन्हाळ्यात आपण स्वतःच एक जी.एम.सी. घेतली? आणि ही... खावाले? (सरळ होऊन, टोपी नीट करीत) गृहस्थहो, आजच्या सभेत शास्त्र जाणणारा एकच ग्राहक आहे. एकवीसशे, एक वार! एकवीसशे, दोन...

बावीसशे? मागून, खांबाआडून कोण? पुढे यावे, बोली करणाऱ्याने तोंड दाखवावे अशी शर्त आहे. (डोळ्यांवर हात धरून पाहतात. चेहरा उतरतो.) मालक! मालक, आपण विकणार आहात. होय, माझ्या ध्यानात आहे की आपल्या मालमत्तेवर परक्याने किंमत लावलेली आपल्याने ऐकवत नाही, दोन वर्षांपूर्वी गावेच्या गावे ऐकून घ्यावी लागली तेवढी पुरे झाली, परंतु... हवालदार तेवीसशे! मालक चोवीसशे! हवालदार, आपण तरी थांबा! नाही थांबत, फौजी मनुष्य. साडेचोवीसशे! मालक पंचवीसशे! हवालदार? (उत्तराची वाट पाहतात. मान हलवतात.) हवालदार हसत आहेत आणि बोलत नाहीत.

पंचवीसशे, एक वार. पंचवीसशे, दोन वार. (घंटा हातात धरून इकडेतिकडे पाहतात, कोणी बोलत नाही. नाइलाजाने वाजवतात.) पंचवीसशे, तीन वार! सुटली.

मालक, असे लगेच उठू नये. शर्त क्रमांक चार : बोलीच्या रकमेचा चौथा हिस्सा जागच्या जागी रोख भरावा लागतो. सहाशे पंचवीस रुपये. होय, ते मी आपल्याकडून घेणार आणि आपल्यालाच देणार, हे मला समजते; पण मधे पावती होणार, आणि पावतीला एक आण्याचे तिकीट लागणार. (टाक दौतीत बुडवून वही उघडतात.) तेवढे सांगावे, ते तिकीट घेणाऱ्याच्या खात्यावर मांडू की विकणाऱ्याच्या?

(पडदा)