पंधरा रेघांचा गुन्हा

चेन्नईजवळ सिरुसेरीच्या आयटी पार्कबाहेर चहा प्या आणि दहाचं नाणं पुढे करा. चहावाला ते उलटंपालटं करतो, दहाच्या आकड्यावरच्या रेघा बघतो आणि ‘सेल्लादु’ म्हणून परत सरकवतो. नाही चालत. नाण्यांचे प्रकार ओळखायला छांदिष्ट लोक भिंग लावून बसतात. हा माणूस उकळत्या दुधावर एक डोळा ठेवून निकाल देतो.

दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशी ही अफवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं, की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि १४ही चालतात. पण बँकेची पत्रकं टपरीवर फार तर वडा बांधायला येतात. गंमत म्हणजे, पंधरा रेघांचं ते नाणं २००८ च्या मालिकेतलं आणि मालिकेचा विषय होता दळणवळण व माहिती तंत्रज्ञान. ते नेमकं आयटी पार्कच्या दारातच नापास!

दाराच्या आतली मंडळी याहून हुशार. त्यात आपली पुण्या-नागपूरची पोरंही आली. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या आणि रात्री वैष्णोदेवीचं २०१२ चं पाचचं नाणं लाखांत विकायला काढायचं. हे नाणं अजून कुठल्याही वाण्याच्या गल्ल्यात सापडतं. लाख देणारं गिऱ्हाईक मात्र आधी नोंदणी फी मागतो, मग कर, मग कमिशन. अशा लोकांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं. पत्रकच ते, त्याचं काय झालं हे वर आलंच आहे.

खरी दुर्मिळता देवाच्या चित्रात बसत नाही, सालाच्या खाली बसते. तिथे चौकटच्या पानासारखी खूण असली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असला तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं. कोलकाता काहीच खूण करत नाही. थोरल्या घराण्याने सही कशाला करायची! १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ आहे, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. आपल्याकडे चिल्लरीची टंचाई, म्हणून सरकारने रुपया विलायतेतून पाडून आणला होता. साल एकच, किंमत एकच, पण एका टांकसाळीने ढिगाने पाडलेली असतात आणि दुसरीने मोजकी. संग्राहक त्या मोजक्यांच्या मागे असतो. त्यातही नाणं कोरं करकरीत हवं; घासून गुळगुळीत झालेल्याला तो हात लावत नाही.

मराठी माणसाला तर हा नाद शिवराईनेच लावायला हवा होता. तांब्याचा एवढासा पैसा, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसे कोरणारे कारागीर अनेक आणि शुद्धलेखनाचे मास्तर नाहीत. त्यामुळे कुठे शिव, कुठे शीव, कुठे सिव. कुठे ठिपके जास्त, तर कुठे मधे दोन आडव्या दांड्या, ती दुदांडी. अभ्यासक या अक्षरांच्या वळणांवर वर्षं घालवतात. या नाण्यांवर देवी नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर त्यांना भाव नाही.

पुन्हा दहाच्या नाण्याकडे येऊ. २०२२ मध्ये तमिळनाडूतल्याच धर्मपुरी जिल्ह्यातल्या एका तरुणाने कुणी घेत नाही म्हणून दहाची नाणी साठवली आणि सेलमच्या शोरूममध्ये ओतून सहा लाखांची गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी आढेवेढे घेतले, मग मोजली. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंतचीच नाणी घेणं बंधनकारक आहे. म्हणजे शोरूमवाल्यांना नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता आणि त्यांनी नाणी घेतली. चहावाल्याला तो हक्क काडीचाही नाही.