फोकसकाका

"हलू नकोस!"

सकाळचे पावणेसात. माझ्या एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात स्कूटरची किल्ली आणि एक पाय हवेत. आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटला म्हणून खाली पाहिलं, तर पार्किंगच्या फरशीवर फोकसकाका पालथे पडलेले. पुढ्यात दुध्याएवढी लेन्स आणि तिचा रोख माझ्या स्कूटरवर. स्कूटरच्या आरशावर अंगठ्याएवढा एक पक्षी चोचीने टकटक करत होता.

"शिंजीर. नर आहे," काका फरशीला हनुवटी टेकवूनच कुजबुजले. "विणीचा हंगाम चालू आहे, आरशातला पक्षी त्याला दुसरा नर वाटतोय. रंग बघ कसा जांभळा झालाय. तू तसाच थांब. तुझा पाय खाली आला की तो गेलाच म्हणून समज."

मी बगळ्यासारखा एका पायावर थांबलो. पाच मिनिटांनी शिंजीर भांडणाला कंटाळून उडाला, काका गुडघा धरून उठले, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावले आणि म्हणाले, "हं. रेकॉर्ड शॉट."

या मंडळींच्या भाषेत फोटो कधीच वाईट येत नाही. पक्षी हलला, निम्मा कापला गेला, नुसती शेपूट आली, की त्याला 'रेकॉर्ड शॉट' म्हणायचं. म्हणजे पक्षी तिथे होता, एवढं शाबीत करण्यापुरता फोटो. काकांच्या संगणकात असे सबळ पुरावे हजारोंनी आहेत.

फोकसकाका हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराखाली आमची सोसायटी आहे. तिथल्या पोरांनी त्यांचं हे बारसं केलं. पण असा एक काका हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. वय साठीच्या पुढे, फंडाच्या पैशातून घेतलेली लेन्स, गळ्यात दुर्बीण आणि अंगात आठ खिशांचं हिरवं-तपकिरी ठिपक्यांचं जॅकेट. हे जॅकेट प्राण्यांना दिसू नये म्हणून घालायचं असतं. जंगलात ते दिसतही नसेल. आमच्या सोसायटीच्या पिवळ्याधमक भिंतीसमोर मात्र काका गेटवरच्या वॉचमनलाही चष्म्याशिवाय ओळखू येतात.

पूर्वी काका दूरदूर जात. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे तिथल्या वाघांना फोटो काढून घ्यायची पिढीजात सवय असणार, असा त्यांचा हिशेब होता. तीन दिवसांत सहा सफाऱ्या झाल्या. घरी काय आलं? पुढच्या जिप्सीतल्या माणसांच्या टोप्या, एका सांबराची पाठ आणि चिखलात उमटलेला पंजाचा ठसा. तो ठसा मोठा करून त्यांनी हॉलमध्ये लावला आहे. नवा पाहुणा आला की तो फ्रेमकडे बघत काळजीने विचारतो, "वरच्या मजल्यावरून गळतंय का?"

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जीपचे धक्के बंद केले. काका महिनाभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून होते. तिथे बसल्या बसल्या त्यांना पहिल्यांदा लक्षात आलं, की दुपारभर 'टुक्‌ टुक्‌' करणारा तो कुणाचा बोअरवेल नसून तांबट आहे. ठोका तांब्याच्या भांड्यावर पडल्यासारखा, म्हणून हे नाव. बावीस वर्षं याच घरात राहून त्यांनी तो पाहिला नव्हता. त्या महिन्यात खुर्चीतून न उठता दयाळ दिसला, भारद्वाज दिसला, संध्याकाळी वॉटर टँकच्या कठड्यावर पिंगळा दिसला. "सहा सफाऱ्यांत दिसलं नाही एवढं एका खुर्चीत दिसलं," काका सांगतात, "आणि गेट फी शून्य!"

तेव्हापासून आमचं कंपाउंड हे अभयारण्य झालं आणि आम्ही बाकीचे रहिवासी त्यातला अडथळा.

पण अभयारण्याला नियम आले. काकांचा पहिला नियम म्हणजे विषय अस्सल देशी हवा. विषय म्हणजे प्राणी, आणि शक्यतो तो बसलेली फांदीही. गुलमोहरावर हळद्या बसला तर काका हळहळतात, कारण गुलमोहर मादागास्करचा. घाणेरीची फळं खाणाऱ्या बुलबुलकडे ते बघतात ते पोरगं परदेशी कंपनीत लागल्यावर बाप बघतो तसं, कौतुकाने आणि दुखावून. पावसाळ्यात भिंतीवर मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगाई चढतात. काकांच्या नेमबाजीच्या आवाक्यातला, दहा मिनिटं जागचा न हलणारा, हा आमच्या सोसायटीतला एकमेव प्राणी. पण काका पाठ फिरवतात. "पाहुणे नव्हेत, घुसखोर आहेत. बागा फस्त करतात," म्हणतात. त्या बाबतीत त्यांचं खरं आहे.

दुसरा नियम गुप्ततेचा. चांगला फोटो आला की ठिकाण सांगायचं नाही. सांगितलं तर तिथे गर्दी होते, गर्दीने प्राणी बिथरतात. दुर्मीळ घुबडाच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे. पण काकांनी एकदा सुरवंटाचा फोटो दाखवला आणि मी "कुठे मिळाला?" विचारलं, तर ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "लोकेशन सांगत नाही आम्ही."

"गॅलरीतल्या कढीपत्त्यावर," आतून काकू म्हणाल्या.

ही कढीपत्त्याची हकीकत त्यांच्या घरात अजून निघते. झालं असं, की कुंडीतल्या पानांवर काकूंना पक्ष्याची विष्ठा दिसली. धुवायला म्हणून त्यांनी पाण्याचा फवारा उचलला आणि विष्ठा चालू लागली. काका भिंग घेऊन धावले. ते कॉमन मॉर्मन फुलपाखराचं पिल्लू होतं. हे सुरवंट लिंबाच्या जातकुळीतल्या झाडांवर वाढतात, कढीपत्ताही त्यातलाच. लहानपणी ते हुबेहूब शिटेसारखे दिसतात, म्हणजे पक्षी तोंड लावत नाहीत. मोठे झाले की कात टाकून हिरवेगार होतात, आणि छेडलं तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात.

काकांनी कुंडीभोवती खुर्च्या लावल्या. पानं तोडायला बंदी झाली. तिसऱ्या दिवशी पोह्यांच्या वेळी काकूंचा बांध फुटला.

"देशी देशी करता ना? मग ऐका. पोह्यातला बटाटा परदेशी, मिरची परदेशी, शेंगदाणे परदेशी. अख्ख्या फोडणीत आपला म्हणावा असा एक कढीपत्ता, आणि त्यालाच हात लावू देत नाही तुम्ही!"

बटाटा, मिरची, भुईमूग तिन्ही अमेरिकेतून आलेले, हे काकांना माहीत होतं. ते गप्प राहिले. पुढे पंधरवडाभर त्या घरात पोहे कढीपत्त्याविना झाले.

सुरवंटाचा कोष झाला. दहा-अकरा दिवसांनी कोषातून पंखांचे रंग दिसू लागले. काका पहाटे पाचला ट्रायपॉड लावून बसले. साडेसहा झाले, सात झाले. सव्वासातला कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरी बॅटरी आणायला काका आत गेले आणि कोष उकलला. काकू चहाचा कप घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मोबाइल काढला आणि चुरगळलेले ओले पंख हळूहळू ताठ होताना एकामागून एक अकरा फोटो घेतले. काका आले तेव्हा फुलपाखरू पंख वाळवत बसलं होतं, तेही नेमकी पाठ करून.

"मादी आहे," काका घसा खाकरून म्हणाले. "पण वेष स्वतःचा नाही. कॉमन रोझ नावाचं फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं, ते त्याला टाळतात. ही तसेच रंग घेऊन फिरते, म्हणजे हिलाही कुणी खात नाही."

काकूंनी आधी फुलपाखराकडे पाहिलं, मग काकांच्या जॅकेटकडे. "तुमच्यासारखंच की. फक्त हिला जमलंय."

काकूंचा तो मोबाइल-फोटो आता पंजाच्या ठशाशेजारी लावला आहे. पाहुणे त्याचंच कौतुक करतात. काका दर वेळी म्हणतात, "एक्स्पोजर जरा जास्त झालंय."

इतके दिवस मी त्यांची टिंगलच केली. पण गेल्या जुलैत एक प्रसंग घडला. पंपरूममागे आपोआप उगवलेल्या काळ्या उंबराशी काका नुसतेच उभे दिसले. लेन्सवर झाकण. मला बोटाने खूण करून त्यांनी एक पान दाखवलं. पानाच्या दोन कडा एकमेकींना शिवल्या होत्या. कडेला बारीक भोकं, त्यांतून ओवलेले कोळिष्टकाचे आणि कापसाचे धागे, प्रत्येक टाक्याला बाहेरून फुगीर गाठीसारखा गोळा. आत शिंपी पक्ष्याची मादी बसली होती. हिरव्या द्रोणाबाहेर फक्त तिची उभी शेपूट आणि तांबूस माथा.

"फोटो?" मी विचारलं.

"घरट्याचा काढायचा नाही," काका म्हणाले. "आपण वाकलो की ती उडते. ती उडाली की कावळ्याला घर कळतं."

माझ्या स्कूटरच्या आरशासाठी मला एका पायावर उभं करणारा माणूस त्या पानासमोरून पाऊण मिनिटात बाजूला झाला. पुढे गणपतीआधीच्या साफसफाईत पंपरूममागचं रान काढायचं ठरलं. काका कमिटीच्या मीटिंगला गेले आणि दोन आठवड्यांची मुदत मागितली. सेक्रेटरींनी कारण विचारलं. "एक बिऱ्हाड आहे," काका म्हणाले. "पोरं उडाली की जागा खाली करतील." मुदत मिळाली आणि पोरं उडाली. त्यांचा एकही फोटो काकांकडे नाही. वर्षभरातलं मला माहीत असलेलं त्यांचं हे सगळ्यात चांगलं काम, आणि त्याचा रेकॉर्ड शॉटसुद्धा नाही.

काका सांगतात, की सलीम अलींचा पक्ष्यांचा नाद वाघ-सिंहापासून सुरू झाला नाही. लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाला. ती कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. काकांचं पुस्तक वगैरे येणार नाही. पण आमच्या सोसायटीत खरोखर कोण कोण राहतं, याची पूर्ण यादी सेक्रेटरींच्या रजिस्टरमध्ये नाही, काकांच्या संगणकात आहे.

तेव्हा तुमच्या जिन्यात कुणी पालथं पडलेलं दिसलं तर ओलांडून जाऊ नका, घटकाभर थांबा. आणि घरी कढीपत्ता असेल तर उद्या फोडणीआधी पानं नीट बघा. विष्ठा दिसली तर लगेच धुऊ नका. कदाचित ती नाश्ता करत असेल.